चूक सोसणारा पंप

आमच्या कारखान्यात ॲसिड वर चढवायला दट्ट्याचा एक जुना पंप होता. तो चालू असला की सगळ्या आवाराला नाडी असल्यासारखं वाटायचं. धप्प, मग जरासा श्वास, मग पुन्हा धप्प. मी कळंबहून सकाळच्या एसटीनं यायचे, बारामतीच्या एमआयडीसीच्या फाट्यावर उतरायचे आणि उसाच्या कडेकडेनं दहा मिनिटं चालायचे. हिवाळ्यात त्या रस्त्यावर धुकं इतकं दाट असायचं की कारखाना दिसायच्या आधी ऐकू यायचा. आधी तो आवाज, मग चिमणीचा वरचा भाग, हवेत नुसताच टांगलेला, आणि मग गेट. माझं वय तेव्हा सत्तावीस होतं. मेंटेनन्स विभागात मी एकटीच बाई होते. त्या धुक्यातून चालताना रोज वाटायचं, अजून आपण पुरते जागे झालेलो नाही.

पंपाचं काम साधं होतं. टँकरनं आलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड खालच्या मोठ्या टाकीत उतरायचं आणि तिथून ते दुसऱ्या मजल्यावरच्या लहान टाकीत चढवायचं. दट्ट्या मागं गेला की ॲसिड आत यायचं, पुढं आला की वर ढकललं जायचं. सायकलमध्ये हवा भरायचा पंप असतो तसंच. दट्ट्याभोवती दोरीसारखं पॅकिंग ठासलेलं असायचं आणि त्यातून थेंब थेंब गळायचंच. ते गळणं आटोक्यात ठेवायला रोज सकाळी त्याचे नट थोडे आवळावे लागत.

ते काम आबांचं. आबा आमचे फिटर, वडगाव निंबाळकरचे. घरचा ऊस, चार म्हशी, आणि तीस वर्षांची नोकरी. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांच्या पँटीला गुडघ्यापाशी ॲसिडच्या थेंबांनी पडलेली बारीक भोकं होती. उन्हात उभे राहिले की त्यातून उजेडाचे ठिपके त्यांच्याच पायावर पडायचे. नट आवळून झाले की ते पंपावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे, डोळे मिटून. मी विचारलं तर म्हणाले, "ऐकतोय."

ॲसिड यार्डात दिवसपाळीला ऑपरेटर होते ते डाळजचे. मी त्यांना भाऊ म्हणायचे. चाळिशीतले, कमी बोलणारे. पाळी संपली की हातमोजे धुऊन ते कुंपणाच्या तारेवर बोटं वर करून अडकवायचे. लांबून बघितलं तर शेतात कुणीतरी हात वर करून उभं आहे असं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी वरच्या टाकीची पातळी दाखवणारी काचेची नळी पाझरत होती. मी वर गेले, टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद केला, नळीचं वायसर बदललं. काम वीस मिनिटांचं. हात पुसत होते तेवढ्यात साहेबांचा फोन आला, दुसऱ्या विभागात पट्टा तुटला होता. साहेब म्हणजे आमचे प्लांट मॅनेजर. मी शिडी उतरले आणि तिकडं गेले. व्हॉल्व्ह उघडायचा राहिला. 'काम चालू आहे' ही लाल पाटी खाली पंपाच्या बटणावर लावायची असते, ती मी मुळात लावलीच नव्हती. वीस मिनिटांचं तर काम, म्हणून.

अर्ध्या तासानं भाऊंनी पंप सुरू केला. मी तेव्हा माझ्या टेबलाशी होते. धप्प ऐकू आलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि तिसरं वेगळं होतं. जड, बसकं. मला कळलं होतं. काय कळलं ते शब्दात यायच्या आधीच मी दाराकडं पळत होते. वर वाट बंद, आणि दट्ट्या प्रत्येक फेऱ्याला आणखी ॲसिड आत कोंबत होता. अशा वेळी उघडायला म्हणून जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो आत पापुद्रे धरून चिकटला होता. पाइपाच्या जोडातलं गॅस्केट फुटलं. आवाज फार मोठा नव्हता, ओला कपडा फाटावा इतकाच. पांढरा धूर पसरला. त्यातून भाऊ चालत बाहेर आले, डावा हात शरीरापासून लांब धरून, आणि स्वतःच शॉवरखाली जाऊन उभे राहिले. ॲसिड हातमोज्याच्या तोंडातून आत गेलं होतं. आबांनी लांबूनच मेन स्विच पाडला होता. मी शॉवरपाशी उभी राहून म्हणत राहिले, "पाण्याखालून हलू नका, भाऊ, हात तसाच धरा." ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. नुसतं बघत होते. पाणी त्यांच्या डोक्यावरून, ॲप्रनवरून, बुटातून वाहत होतं आणि वेळ पुढं सरकत नव्हता.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं गेलं, 'व्हॉल्व्ह बंद राहिला होता.' राहिला होता. कुणी केला, ते त्यात नव्हतं. पंप सुरू करायच्या आधी वर जाऊन बघणं हेही ऑपरेटरचं काम असतं, म्हणून सगळ्यांनी मनातल्या मनात धरलं की चूक भाऊंची. मी काही बोलले नाही. त्या एका क्रियापदाच्या आडोशाला मी तीन आठवडे राहिले. एसटीत बसले की खिडकीबाहेरचं सगळं दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं दिसायचं, केळीच्या बागा, कालव्याचं पाणी, शाळेच्या गणवेशातल्या मुली. घरी आई म्हणायची, "जेवताना तरी हितं ऱ्हा."

चौथ्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी मी डाळजला गेले. हायवेला उतरून विचारत विचारत घर शोधलं. भाऊंच्या बायकोनं चहा दिला. भाऊंचा हात कोपरापर्यंत पट्टीत होता. घरात पाहुणे होते म्हणून ते म्हणाले, "चला, पानी दावतो तुमाला."

उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी त्यांच्या रानाला येऊन टेकलेलं. सकाळचे नऊ वाजले असतील. धुकं पाण्यावरून अजून उठलं नव्हतं. पाणी कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं ते दिसत नव्हतं. त्या मधल्या पांढऱ्यात रोहित पक्षी उभे होते, शेकड्यांनी, पाय नसल्यासारखे. भाऊ म्हणाले, "आमच्या आज्याची जिमीन ह्याच्याखाली हाय. उन्हाळ्यात पानी हाटलं की बांध दिसत्यात."

आम्ही एका पालथ्या होडीवर बसलो.

"भाऊ, तो व्हॉल्व्ह मी बंद केला होता."

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. "ठाव हाय," ते म्हणाले. "तुमाला शिडीवरनं उतरताना बघितलं हुतं म्या."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगून हात बदलून मिळनार हुता व्हय?" लांब एक पक्षी उडाला. पंखाखालचा गुलाबी रंग क्षणभर दिसला आणि मिटला. "आन मीबी वर जाऊन बघाया पायजे हुतं. न्हाय गेलो. थंडी हुती, कटाळा केला. दोगंबी इसारलो, म्याडम. मानूस हाय म्हनल्यावर इसारनारच. पर त्या पंपाला कुठं कळतंय, वर दार बंद हाय म्हनून. त्यो आपला ढकलतच ऱ्हायला."

मग त्यांनी सांगितलं की त्यांना रोज एकच स्वप्न पडतं. पंप दिसत नाही, धूर दिसत नाही. नुसतं प्रेशरचं घड्याळ दिसतं, आणि त्याचा काटा चढत राहतो. आकडे संपतात तरी चढतो. ते म्हणाले, "थांबतच न्हाय. मी बघत बसतो."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडं गेले आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लेखी दे." मी लिहून दिलं. मला ताकीद मिळाली, तीही लेखी. अहवालातलं वाक्य बदललं गेलं. आठवड्यानंतर त्यांनी मला पुन्हा बोलावलं. वाटलं, आता काढतायत. ते म्हणाले, "तो जुना पंप मला परत बसवायचा नाही. दुसरा कुठला घ्यायचा ते तू बघ. तूच बघ." मला वाटतं, त्यांच्या परीनं तीही एक शिक्षाच होती, आणि मी ती तशीच घेतली.

त्या दिवसांत मी घरी जेवण झालं की कॅटलॉग पसरून बसायचे. भाऊंचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. दार बंद आहे हे ज्याला कळेल असा पंप हवा होता. इंजिनिअरिंगला सेंट्रिफ्यूगल पंप शिकले होते, त्याची आकृती काढून मार्क मिळवले होते. पण त्या आकृतीकडं मी आता पहिल्यांदा बघत होते. गोगलगायीच्या शंखासारखं एक कवच, त्यात गरगर फिरणारा पंखा. पातळ पदार्थ पंख्याच्या मधोमध येतो आणि फिरता फिरता कडेला फेकला जातो. पाण्याची बादली हातात धरून गोल फिरवली की पाणी बुडाला चिकटून राहतं, तेच बळ. त्याला मागं-पुढं होणं नाही, म्हणून धक्के नाहीत. प्रवाह सलग, पाइप हादरत नाहीत, जोड ढिले होत नाहीत. आणि पुढची वाट बंद झाली तर पंखा आहे ते ॲसिड आतल्या आत घोळवत राहतो. दाब एका ठरावीक जागेपर्यंत चढतो आणि तिथंच राहतो, कारण पंखा जितक्या जोरानं फेकू शकतो त्याच्या पुढं तो जाऊच शकत नाही.

त्यातही चुंबकावर चालणारा प्रकार होता. मोटर बाहेर, पंखा आत, मध्ये प्लास्टिकची सलग भिंत. बाहेरचं चुंबक फिरलं की आतलं फिरतं. कागदाच्या खालून चुंबक सरकवलं की वरची टाचणी सरकते तसं. आरपार जाणारा दांडा नाही, म्हणून पॅकिंग नाही, म्हणून थेंब नाही. ॲसिडचा जिथं जिथं स्पर्श होतो तिथं लोखंडच नाही. मी आईला ती टाचणीची गंमत दाखवली. आई बराच वेळ टाचणी इकडून तिकडं फिरवत बसली.

आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी कॅटलॉगमधलं चित्र लांब धरून बघितलं.

"म्हंजी हिरीवरची मोटर," ते म्हणाले.

"तीच. फक्त ॲसिडसाठी केलेली."

"मग नगं. हिला हवा लागली की ही दम सोडती. आपला दट्ट्या कसा, कोरडा आसला तरी ओढून घेतो." त्यांनी कॅटलॉग मिटलं. "आन थेंबच पडनार न्हाय म्हनल्यावर आत काय चाललंय ते कळायचं कसं? आवाज न्हाय, गळती न्हाय. मुका मानूस घरात आनल्यागत हुईल."

मी वाद घातला, ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "रविवारी या वडगावला. पुस्तकात न्हाय ते बघा."

त्यांचं रान कालव्याच्या खालच्या अंगाला होतं. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आणि त्याच्या मधोमध विहीर. शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसाची होती. आबांनी मोटरीवरचं बूच काढलं, माझ्यासमोर बादली ठेवली आणि म्हणाले, "भरा." मी दोर सोडून विहिरीचं पाणी काढलं आणि मोटरीच्या तोंडात ओतत राहिले. आतली हवा बुडबुड करत बाहेर येत होती. पाणी काठोकाठ आलं, थरथरलं, आणि त्यात आभाळ दिसलं. "आता बूच लावा. हवेचा यक बुडबुडा ऱ्हायला तरी ही पानी धरत न्हाय."

बटण दाबल्यावर मोटर गुणगुणली आणि पाइपातून पाणी पाटात पडलं. मग आबांनी पाइपावरचा व्हॉल्व्ह, ज्याला ते वॉल म्हणत, सावकाश बंद केला. पूर्ण. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. पण काही फुटलं नाही. उलट मोटरीचा आवाज हलका झाला, ओझं उतरवून ठेवल्यासारखा. स्टार्टरवरचा करंटचा काटा खाली आला.

"कमी झाला," मी म्हटलं.

"कमीच हुनार. काम न्हाय म्हनल्यावर ताकद कशाला लागंल?" त्यांनी वॉल परत उघडला. "पर लई येळ आसं ठिवायचं न्हाय. आतलं पानी कढतं मग."

वाचून हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या उसात, अंगावर हिरवा उजेड पडलेला असताना, तो काटा खाली येताना बघून माझे डोळे भरून आले. आबांनी बघितलं असावं. ते पाटात पाय धूत राहिले. थोड्या वेळानं स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "त्या दिशी ही आसती तर त्याचा हात वाचला आसता." त्यानंतर त्यांनी दट्ट्याची बाजू घेतली नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मध्येच हात थांबवला.

"त्यांच्या हिरीवर गेली हुतीस? पानी तूच काढलंस?"

"हो. त्यांनीच सांगितलं."

आमच्या घरात धम्म आला तो पणजोबांच्या वेळी. त्याच्या आधी विहिरीपासून लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं, हे आईनं तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं. माझ्या मनात ते विहिरीवर असताना आलंच नव्हतं, आबांच्याही आलं नसावं. आई तव्याकडं बघत राहिली. मग "बरं झालं" म्हणाली आणि भाकरी उलटली.

पंप आला. दोन हातांत उचलता येईल इतका लहान. मी तो जुन्या पंपाच्याच चौथऱ्यावर बसवला, कारण पाया तयार होता आणि नकाशा मी काढला होता. ॲसिडच्या आधी साध्या पाण्यावर चाचणी घेतली. सगळे जमले. साहेबसुद्धा आले. पंप सुरू झाला, पाणी वर गेलं, कुणीतरी बरं म्हणालं. मिनिटभरानं प्रवाह तुटला. मी पुन्हा भरून सुरू केला. पुन्हा तुटला. टाकीच्या वरच्या तोंडातून पाइप आत सोडलेला, तिथून पाणी आधी उचलून मग चौथऱ्यावर आणायचं होतं, आणि कुठल्यातरी जोडातून हवा शिरत होती. या पंपाच्या आतली बेअरिंगं त्यातल्या पाण्यानंच गार राहतात. कोरडा फिरला की ती तडकतात. मी घाईनं बंद केला. साहेब निघून गेले.

आबा खाली उकिडवे बसले आणि टाकीच्या बुडाकडं बघू लागले. "म्याडम, राग येऊ द्या न्हायतर नगा येऊ द्या. हिला ओढाया लावू नगा. हिच्याकडं पानी आपल्या पायानं चालत येऊ द्या."

"म्हणजे?"

"टाकीच्या बुडाला तोंड हाय, बंद केल्यालं. तितनं पाइप काढा. पंप त्याच्याबी खाली ठिवा. मग ही कायम भरल्यालीच."

नकाशा माझा होता. मला तो फार आवडला होता. रेघा सरळ, कोपरे नेमके. मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि आम्ही टाकीच्या कडेला जागा आखायला सुरुवात केली. गवंडी बोलावून आठ दिवसांत खोलगट कट्टा बांधला. ॲसिड सांडलं तर ते तिथंच अडावं असा उतार आबांनी स्वतः पाणी ओतून तपासला. बुडाच्या तोंडाला नवा व्हॉल्व्ह लागला. टाकीतली पातळी ठरावीक खुणेच्या खाली गेली की पंप आपोआप बंद पडेल अशी सोय मी केली. या वेळी बटण दाबल्यावर काहीच ऐकू आलं नाही. आम्ही एकमेकांकडं बघितलं. मग वरून कुणीतरी ओरडून सांगितलं की पाणी येतंय.

भाऊ उन्हाळ्याच्या तोंडावर कामावर परत आले. डाव्या हातावरची कातडी गुलाबी आणि गुळगुळीत झाली होती, कोपराच्या खाली सुरकुती नसलेली. साहेबांनी त्यांना गोदामात काम देऊ केलं होतं. ते म्हणाले, एकदा बघतो. यार्डाच्या दारापाशी येऊन ते थांबले. आत त्यांचं पाऊल पडेना. आबांनी त्यांना हाताला धरलं नाही, बोलावलंही नाही. ते स्वतः पंपाजवळ गेले, अंगावर ॲप्रन, तोंडावर काच, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "वर जावा. वरचा वॉल बंद करा."

शिडी चढतानाच्या पायऱ्या मला मोजल्यासारख्या आठवतात. वर वारा होता. मी व्हॉल्व्हवर हात ठेवला, तोच व्हॉल्व्ह, आणि हळूहळू फिरवत बंद केला. या वेळी पाटी लावली होती. खाली बघितलं. भाऊ दारातून दोन पावलं आत आले होते.

आबांनी पंप सुरू केला. प्रेशरच्या मोठ्या घड्याळाचा काटा वरूनही दिसत होता, तो हलला, चढला. भाऊंची मान काट्याबरोबर वर होत होती. काटा आणखी थोडा चढला आणि थांबला. तिथंच थांबला. जरा थरथरला, पण पुढं गेला नाही. आबा काही समजावून सांगत नव्हते. ते नुसते बाजूला उभे होते, दोन्ही हात मागं बांधून. कुठंच काही फुटत नव्हतं. उसावरून वारा जाताना मला ऐकू येत होता.

"थांबला," भाऊ म्हणाले. मला वर ते ऐकू आलं नाही, ओठ दिसले.

आबांनी मला हातानं खूण केली. मी व्हॉल्व्ह उघडला आणि ॲसिड माझ्या बाजूच्या काचेच्या नळीत चढू लागलं, न हिंदकळता, एकाच चालीनं. त्यानंतर भाऊंनी स्वतः पंप बंद केला, स्वतः सुरू केला, पुन्हा बंद केला. गोदामाचं काम त्यांनी घेतलं नाही. पुढं महिनाभरानं डबा खाताना त्यांनी सांगितलं की स्वप्न अजून पडतं, पण रोज नाही, आणि कधी कधी त्यात काट्याऐवजी पाणीच असतं, डाळजचं, सपाट.

अडचण झाली ती आबांची. सकाळी ते पाना घेऊन यार्डात यायचे आणि आवळायला काही नसायचं. नट नव्हते, पॅकिंग नव्हतं, थेंब नव्हता. काही दिवस ते पाना नुसताच फडक्यानं पुसत बसले. त्यांच्याकडं बघून मला वाटायचं, आपण एका माणसाची सकाळ काढून घेतली. एकदा मी त्यांना मोटरीच्या पॅनेलपाशी नेलं आणि करंटचा आकडा कसा वाचायचा ते दाखवलं. भरलेला पंप किती घेतो, वर वाट बंद असली की किती घेतो, कोरडा चालला तर आकडा एकदम कसा पडतो. तसं त्यांच्या विहिरीवर ते वर्षानुवर्षं बघत आले होते, फक्त आकडा म्हणून नाही. त्यांनी चष्मा मागवला, एक वही आणली आणि रोज सकाळी त्यात आकडा लिहायला लागले. शेजारी एखादा शब्द. 'बरा.' 'जरा जड.' 'आज गार.' कवचावर हाताची पालथी बाजू टेकवून ते ऊब बघायचे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं.

उरलेलं वर्ष-सव्वा वर्ष कसं गेलं कळलं नाही. निवृत्तीच्या दिवशी कँटीनमध्ये नारळ-शाल झाली, साहेब बोलले, भाऊंनी गुलाबजामचं पातेलं घरून आणलं होतं. आबा शाल खांद्यावर तशीच ठेवून माझ्याबरोबर यार्डापर्यंत आले. दुपारचं ऊन पांढरं होतं, टाकीची सावली पंपावर पडली होती.

"हिला वर्सातनं यकदा उघडून बघत जावा," ते म्हणाले. "बरी चाललीया म्हनून सोडून देऊ नगा. ही काय सांगायची न्हाय."

"उघडीन, आबा."

"आन तुमी सकाळी जेवून येत जावा. तोंड सुकल्यालं आसतं."

पुढच्या वर्षी कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता त्या काळात आम्ही तो पंप उघडला. बाहेरून काहीच तक्रार नव्हती. आतलं बेअरिंग मात्र झिजून पार कागदासारखं झालं होतं. आणखी दोन महिने चाललं असतं तर पंख्यानं आतली भिंत घासली असती. मी तिथूनच, यार्डाच्या दाराशी उभी राहून, आबांना फोन लावला. पलीकडं पाण्याचा आवाज येत होता.

"आबा, बेअरिंग गेलं होतं. तुम्ही म्हणाला होता तसं उघडलं म्हणून सापडलं."

"मग बदला की," आबा म्हणाले. "मी उसाच्या पान्याला दारं धरतोय. आत्ताच लाईट आलीया. ठिवतो."